वायरवाली कॅसेट

परवा ताईच्या घरचं कपाट आवरताना शेपटीसारखी वायर लोंबणारी ती कॅसेट हाती लागली आणि भावोजींबद्दलचा जुना तिटकारा ताजा झाला.

मामेबहिणीच्या लग्नात धवला, म्हणजे आमची लग्नाची गाणी, गायला आईला श्रीवर्धनला बोलावलं होतं. अलिबागहून भावोजींच्या गाडीने निघालो; ताई पुढे त्यांच्या शेजारी बसली होती. मागच्या सीटवर आई हलक्या आवाजात उजळणी करत होती.

“आई, ते रडगाणं पुरे. आता खरं म्युझिक ऐका,” म्हणत भावोजींनी गाडी कडेला घेतली आणि खिशातल्या नव्या एमपीथ्री प्लेअरला वायरने जोडलेली ती कॅसेट गाडीच्या टेपात खुपसली. नुसती खरखर आली. त्यांनी ती उलटी घातली, टेपावर थापट्या मारल्या, मग ताईवरच खेकसले, “तूच हात लावला असशील!” बंद गाडीत घामाचा आणि तापलेल्या रेक्झिनचा वास कोंडला होता.

“चालू द्या तुमचं, जावईबापू,” आई शेवटी म्हणाली. “मना गायला वायर लागत न्हाय.”

संध्याकाळी मांडवात तिने सूर लावला आणि बायकांचा गलका थांबला. ताई शेजारी बसून तिच्या मागे म्हणत होती. भावोजी बाहेर गाडीत खरखर ऐकत बसले होते. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता त्या माणसाची कीवही करावीशी वाटत नाही.