सात दहाची बस आणि माझी शपथ

आमचे चिरंजीव परदेशात कवळ्या करतात. नातेवाइकांना सांगताना त्यांचे वडील 'दंत-तंत्रज्ञ' असा भारदस्त शब्द वापरतात, पण काम तेच. गुलाबी मेणात एकेक दात रोवायचा, तो प्लास्टरच्या जबड्यावर नीट बसतोय का पाहायचं, नाही बसला तर घासायचा. वय एकोणतीस. कॉलेजातल्या मित्रांनी त्याचं नाव 'व्हा पुढे' ठेवलं होतं. रांग पाण्याच्या कूलरची असो की परीक्षेच्या फॉर्मची, मागच्या माणसाला हा म्हणणार, "तुम्ही व्हा पुढे." हे वळण माझंच. लहानपणी पाहुण्यांसमोर मी त्याचं या गोष्टीसाठी फार कौतुक केलं, आणि त्याने ते मनावर घेतलं.

मी त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा नोकरीचे पहिले सहा महिने पुरे व्हायला नऊ दिवस उरले होते. खोली तिसऱ्या मजल्यावर. सायकल आत, कपाटाला टेकून उभी. त्यामुळे कपाट अर्धंच उघडायचं आणि हा उजव्या बाजूचेच तीन शर्ट आलटून पालटून घालायचा. डावीकडे काय आहे, विचारलं तर म्हणाला, "बहुतेक स्वेटर." खिडकीत प्लास्टरचा एक जबडा होता, त्यात चाव्या ठेवलेल्या.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना, हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं त्याने सांगितलं की सहा महिन्यांत तीनदा उशीर झाला तर नोकरी पक्की करत नाहीत. नोकरी नसेल तर तिथे राहायचा परवानाही नाही. आणि त्याचे दोन उशीर आधीच झाले होते.

"दोनदा? झोपून राहिलास?"

"नाही. बसवर दोनच सायकली बसतात. मी तिसरा होतो."

"म्हणजे स्टॉपवर उशिरा पोचलास."

"पहिला पोचलो होतो," तो कपात बघत म्हणाला.

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

त्याची लॅब नदीपलीकडे. बस पूल ओलांडते आणि शहराकडे वळते. लॅब उलट्या बाजूला चार किलोमीटर, तिकडे बसच जात नाही, म्हणून सायकल बरोबर न्यायची. बसच्या नाकाशी एक लोखंडी चौकट असते, सायकल तिच्यावर चढवून आपण आत बसायचं. चौकटीत जागा दोन. पहिली बस सात दहाची, पुढची अर्ध्या तासाने. पहिली चुकली की आठची वेळ गेलीच.

पुलावरून सायकलने जायचा प्रश्न नव्हता. पहिल्याच आठवड्यात तो फोनवर म्हणाला होता की पूल लांब आहे, सायकलवाल्यांसाठी नुसती पांढरी पट्टी मारलीय, शेजारून ट्रक जातात आणि वाऱ्याने सायकल कलते. मी तिथल्या तिथे सांगितलं, "पुलावर सायकल चालवायची नाही. तुला माझी शपथ आहे." वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली बाई मी. घाबरले की पदवी बाजूला राहते.

तर उरलेले आठ दिवस चिरंजिवांच्या सौजन्यावर पहारा ठेवायचा असं मी ठरवलं. रोज सकाळी त्याच्याबरोबर स्टॉपवर जाऊ लागले. चौकटीतली एक जागा एका नर्सबाईंची ठरलेली. उरलेल्या एका जागेचे उमेदवार दोन, आमचे हे आणि एक सुतारआजोबा. आजोबांच्या सायकलला पुढे टोपली, तिच्यात करवत आणि रंधा. ते रोज येत नसत. आले की लांबूनच हसत येत, आणि ते हसू दिसलं की ह्याचं तोंड उघडू लागे. अशा वेळी मी घाईने काहीतरी विचारायची.

"गॅस बंद केलास का रे?"

"आपल्याकडे गॅस नाही, आई. इलेक्ट्रिक शेगडी आहे."

"मग ती बंद केलीस का?"

तेवढ्यात बस येई आणि मी ह्याला कोपराने पुढे ढकलायची. आजोबा मुकाट्याने पुढच्या बसची वाट बघत बसत. मला वाईट वाटायचं, पण परवाना त्यांच्याकडे जन्मापासून होता.

आठव्या दिवशी निघताना मी बजावलं, "आज प्रत्यक्ष तुझे मुख्याध्यापक आले तरी हलायचं नाही." तो म्हणाला, "नाही हलणार." स्टॉपवर नर्सबाई आधीच होत्या. बस वळणावर दिसली आणि मागून आजोबा आले, धापा टाकत, सायकल हाताने ढकलत. एका तळव्याला बँडेज होतं. ह्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. शब्दाचा पक्का.

आणि माझा हात वर गेला. तिथली भाषा मला येत नाही, पण हाताने 'तुम्ही व्हा पुढे' म्हणायला भाषा लागत नाही. आजोबांनी मान लववली. नर्सबाईंनी त्यांची सायकल चढवून दिली आणि बस गेली.



"चुकलं रे," मी म्हटलं.

"आई, शपथ सुटली म्हण."

"टॅक्सी मिळेल की."

"बोलावून येईपर्यंत पाऊण तास जातो. सायकलने इथून लॅब पस्तीस मिनिटं. आता निघालो तर पोचतो. म्हण."

"वारा आहे आज."

"रोज असतो."

"म्हणजे तू पुलावरून एकदाही गेला नाहीस? ते दोन उशीर झाले तेव्हासुद्धा?"

"तू सोडवली नव्हतीस ना."

हजारो मैलांवर, मला कधी कळलंही नसतं अशा ठिकाणी, हा बाप्या धडधाकट सायकल हातात धरून अर्धा अर्धा तास पुढच्या बसची वाट बघत उभा राहिला होता. असा मुलगा वाढवल्याबद्दल कोणी माझा सत्कार करावा की मला दोन शब्द सुनावावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"सुटली," मी म्हटलं.

"पूर्ण म्हण."

"शपथ सुटली. हेल्मेटचा पट्टा लाव."

तो गेला. मी पुलाच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले. त्याचं पिवळं जाकीट लहान होत होत टिकलीएवढं झालं. तेवढ्यात शेजारून अकरा ट्रक गेले, त्यातले दोन उगाचच मोठे होते. मग टिकलीही दिसेना. मी तिथेच थांबले, जणू मी हलले असते तर तो पडला असता.

आठला दहा कमी असताना फोन वाजला.

"पोचलो. घामाने भिजलोय."

"पडला नाहीस ना?"

"नाही. आजोबांची खालची कवळी सैल आहे, पाहिलीस का? हसले की उचलली जाते. गेले चार महिने त्यांना कसं सांगावं तेच कळत नाहीये."

पुढच्या आठवड्यात नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. ते त्याने चाव्यांच्या जबड्यात खोचून ठेवलं.

आता मी घरी परत आले आहे आणि तो रोज पुलावरून जातो. पोचला की फोन करतो. परवा बोलण्याच्या ओघात मी म्हटलं, "पट्टा नीट लावल्याशिवाय निघायचं नाही, तुला माझी..." आणि पुढचा शब्द गिळला.

"तुझी काय?" त्याने विचारलं.

"काही नाही. वारा आहे का तिकडे?"

"आहे," तो म्हणाला.