माझी वांगी मरेनात

झाडं मरावीत म्हणून देवापुढे हात जोडणारी मुलगी आमच्या घराण्यात माझ्याआधी झाली नव्हती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका कॉलेजात मी वनस्पतींच्या रोगांवर एम.एस्सी. करत होते आणि माझा विषय होता वांग्याचा मर रोग. चांगलं फुलावर आलेलं हिरवंगार झाड एका दुपारी मान टाकतं आणि चार दिवसांत संपतं. हे सगळं करणारा जिवाणू एवढासा, की सूक्ष्मदर्शकाखालीही डोळे ताणावे लागतात. विषय मी सरांकडून मागून घेतला होता. तोवर माझं सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं, अगदी साडीच्या रंगापर्यंत. हा रोग मात्र माझा होता.

मर लागलेलं पहिलं झाड हाती आलं तो दिवस मी विसरणं शक्य नाही. असं खोड कापून स्वच्छ पाण्यात धरलं, की कापलेल्या जागेतून पांढुरका धागा खाली उतरू लागतो. तो धागा म्हणजे निव्वळ जिवाणू. मला ते पाहून इतका आनंद झाला, की खोडाचा एक तुकडा आणि उकळून गार केलेल्या पाण्याची नळी घेऊन मी प्रताप नगरला घरी आले. आईचं माहेर उमरेडच्या विणकरांचं. तिनं नळी उजेडाकडे धरली.

"हे तं सूत निघून राहिलं वं," ती म्हणाली. "याच्यानंच मरते झाड?"

"याच्यानंच."

"मंग घरात काहून आणलं?"

पण टाकून दिली नाही. कॉलेजची वस्तू टाकायची तिची छाती होईना. कापसाचा बोळा लावून तिनं नळी शिलाई मशीनच्या वरच्या कोनाड्यात ठेवली, आणि मी ती विसरूनही गेले.

कारण कॉलेजात त्याच खोडातून घेतलेले माझे लाडके जिवाणू वाढत होते. काचेच्या बशीत साखर, पोषक द्रव्यं, सगळा थाट. त्या खाद्यात एक औषध घातलेलं असायचं, त्यानं जिवाणूंच्या वसाहतींना रंग चढायचा. काही वसाहती पांढऱ्या, ओघळत पसरलेल्या, मध्ये जराशा गुलाबी. काही लहान, गोल, गडद लाल, कुंकवाच्या टिकलीसारख्या. सांडलवंड मला लहानपणापासून खपत नाही. मी दर खेपेला त्या नीटनेटक्या टिकल्याच उचलल्या आणि पुढच्या बशीत नेऊन वसवल्या.

मग कुंड्यांमधल्या रोपांना मुळाशी जिवाणूंचं पाणी घातलं आणि वाट पाहत बसले. रोपं मरेनात. मरायचं सोडाच, त्यांना वांगी धरली. जांभळी, तुकतुकीत, काटेरी देठांची. दुसऱ्यांदा केलं, तेच. सरांनी त्या वांग्यांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पुढच्या खेपेला झाडं मेली नाहीत तर विषय बदलू. पानांवरच्या ठिपक्यांची पाहणी कर, तेही चांगलं काम आहे." सर वाईट नव्हते. पण मला ठिपके नको होते, मला माझा मर रोग हवा होता.

घरी येऊन मी चक्क रडले. आईला काही केल्या कळेना.

"लोकायचे झाडं मरतात तं ते रडतात. तुह्ये जगून राहिले तं तू रडून राहिली," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ते तुह्यं सूत आहे नं अजून कोनाड्यात. त्याच्यानं नाही होत का?"

मी उखडलेच. इतके महिने नुसत्या पाण्यात, अन्नाचा कण नाही, कोण जगणार त्यात? पण बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी ती नळी पिशवीत घालून नेली आणि त्यातला थेंब ताज्या बशीवर ओढला.

दोन दिवसांनी बशी उघडली. बशीभर पांढऱ्या, ओघळलेल्या वसाहती. लाल टिकली एकही नाही. उभ्या उभ्या माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्यांना मी गुणी म्हणून जपलं, ते रोग करायचं सोडून बसले होते. आयत्या जेवणावर त्यांची जात बदलली होती, आणि उपाशी राहिलेल्यांनी आपला धंदा जपला होता. मी धावत सरांकडे गेले.

"हे जगाला माहीत आहे," सर म्हणाले. "तुला आज कळलं, बरं झालं."

"पण सर, रोगाची ही कळ चालू-बंद कोण करतं?"

"ते मात्र अजून जगालाही नीट माहीत नाही."

तो प्रश्न मला पुढे कायमचा चिकटला. निवृत्तीनंतर वाचलं, की असल्या जिवाणूंमध्ये आरएनएचे चिमुकले तुकडे असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. त्यांचं काम एवढंच, की जनुकांकडून निघणाऱ्या दुसऱ्या निरोपांना गप्प करायचं किंवा बोलतं करायचं. माझ्या टिकल्यांचा बिघाड वेगळा होता, तो त्यांच्या जनुकातच झालेला. तरी ते मी पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं.

पण त्या आठवड्यात मला एवढं शहाणपण नको होतं. वांगी मरायला हवी होती. पांढऱ्या वसाहतींचं पाणी रोपांना घातलं आणि रोज कॉलेजला पळत जाऊ लागले. एका दुपारी पहिल्या रोपाचं एक पान खाली लोंबलं. मग शेजारचं. आठवडा संपता संपता सगळ्या कुंड्या माना टाकून बसल्या. खोड कापलं, पाण्यात धरलं, धागा उतरला. सर म्हणाले, "विषय तुझा."

बर्डीच्या बाजारातून संत्राबर्फीचा डबा घेऊन मी घरी गेले. आईनं तो देवापुढे ठेवला आणि लगेच उचलून शेजारी वाटायला निघाली.

"काहून वं," शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, "पोरीचं जमलं का कुठं?"

"जमलं नाही," आई म्हणाली. "माह्या पोरीचे वांगे मेले. सगळेच्या सगळे."