टाकीच्या झाकणातली चिंधी

आमच्या बेटाला मोठी बोट लागत नाही, पाणी उथळ आहे. ती लांब खोल पाण्यात उभी राहते आणि दोकसू आपल्या होडीतून माणसं तिच्यापर्यंत पोचवतो. होडीमागचं इंजिन रुसलं की सगळ्यांचंच येणंजाणं बंद. ती इंजिनं दुरुस्त करणारं बेटावर एकच माणूस, मालसुन.

खरं तर ते काम तिच्या नवऱ्याचं, त्याआधी सासऱ्याचं. तो गेला आणि त्याची हत्यारं हिच्या हातात आली, ती सुटलीच नाहीत. समुद्रातलं खायचं शेवाळ काढायच्या दिवसांत होड्या सतत चालत, तेव्हा लोक तिला जेवणावरून उठवत. मी समोरची दुकानवाली, सगळं बघत होते. नवरा गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत ही बाई बेटाबाहेर राहिली ती एकच रात्र, तीही दाढ काढायला. घरात ऐंशीची सासू. 'जाऊ नको' असं ती कधी म्हणाली नाही. नुसती कण्हायची.

समुद्रापलीकडच्या मोकपो शहरातल्या एका वर्कशॉपनं मालसुनला नोकरीला बोलावलं. राहायला खोली, आठवड्याला एक सुट्टी. सुट्टीचं तिनं मला तीनदा सांगितलं. सासूला बरोबर न्यायचीही तिची तयारी होती, पण म्हातारी म्हणाली, "माझा नवरा आणि मुलगा इथल्या टेकडीवर पुरलेत. मी कुठं येऊ?"

पहिल्यांदा निघाली तेव्हा होडी दहा मिनिटं छान चालली आणि मधेच इंजिन बंद पडलं. मालसुननं टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, फिल्टरमधून चमचाभर पाणी काढलं आणि इंजिन सुरू झालं. तोवर मोठी बोट निघून गेली होती. पेट्रोलात पाणी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आम्ही वाट्याला आलेलं मोजकं पेट्रोल हिवाळाभर पिंपात साठवतो, त्यामुळे पाणी नेहमीचंच. वर्कशॉपवाला म्हणाला, येत्या सोमवारी दुपारपर्यंत ये, नाहीतर मी दुसरा माणूस घेतो.

त्या सोमवारी मीही होडीत होते, दुकानाचं सामान उतरवून घ्यायला. दहा मिनिटं झाली आणि इंजिन खोकलं, थांबलं.

"वहिनी, परत पाणी," दोकसू म्हणाला.

"भाऊजी, काल मी स्वतः टाकी घरी नेऊन पेट्रोल गाळून भरलंय. गप्प बसा जरा."

टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, तो दाबून पेट्रोल पुढं ढकलतात. एरवी गच्च भरलेला असतो. आज तो चपटा पडला होता, सोडला तरी फुगेना.

"इंजिन ओढतंय पण टाकी देत नाही," मालसुन म्हणाली. "टाकीत हवाच जात नाहीये."

पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यावी म्हणून झाकणात बारीक भोक असतं. त्यावरचा स्क्रू तिनं काढला. खाली मेणात बुडवलेली चिंधी कोंबली होती, सुईनं उकरून काढावी लागली. ती निघाली तशी टाकीनं सुस्स करून हवा ओढली.

"मागच्या खेपेला मी झाकण उघडलं तेव्हाच हवा गेली आत," ती स्वतःशीच बोलली. "आणि मी पाण्याला दोष देत बसले. कसली मी मेकॅनिक."

'मी नाही केलं' म्हणत दोकसू आईबापाच्या शपथा घ्यायला लागला. इंजिन एका ओढीत सुरू झालं, पण तेवढ्यात पलीकडे मोठ्या बोटीनं भोंगा दिला आणि ती वळली. मी उभी राहून रुमाल हलवला. कुणी बघितलं नाही. माझं सामानही गेलं बोटीबरोबर.

"भाऊजी," मालसुननं विचारलं, "असं केलं की इंजिन मरतं, हे बेटावर कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. आणि दादाला होतं," दोकसू म्हणाला. तिच्या नवऱ्याला तो दादा म्हणायचा. मग त्यानं तोंड फिरवलं आणि होडी परत वळवली.

तिची बॅग घेऊन मी तिच्या दारापर्यंत गेले. आत बुटक्या टेबलावर भात वाफाळत होता. दोन वाट्या, दोन चमचे. म्हातारी माशाचं सार ओतत होती, तिनं वर बघितलं नाही.

"आई, दोघींचा भात वाढलात?"

"सवय."

"मी तर मोकपोला गेले होते."

म्हातारीनं पळी खाली ठेवली. "तुझ्या सासऱ्याला तीस वर्षं हातात हत्यारं दिली मी. टाकीला काय लागतं ते मलाही कळतं."

"आणि मला काय लागतं, ते?"

म्हातारीनं माशाचा मोठा तुकडा घेतला, सावकाश काटे काढले आणि तो सुनेच्या भातावर ठेवला.  "खा पोरी. निवतंय."

मला वाटलं, आता वाटी भिरकावणार ही. मी असते तर भिरकावली असती. मालसुननं हात धुतले. मग बसली आणि जेवायला लागली. डोळ्यांतलं पाणी वाटीत पडत होतं, तरी जेवत होती. म्हातारीचा मला राग आला. आणि खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी, ही आता जात नाही म्हणून, मला हायसंही वाटलं.

चिंधीचं मी आजवर कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात पहिलं इंजिन आलं ते आमच्या होडीचं. माझा नवरा जायला लाजत होता. मीच त्याला पाठवलं.