जीपमधलं घरभाडं

मी पाड्यांवरच्या नळांचं पाणी तपासते. काम एका संस्थेचं, पण माझा करार संस्थेशी नव्हता. मध्ये एक पेरोल कंपनी होती. कागदावर मी तिची नोकर, आणि तिचं कमिशन माझ्याच मानधनातून. बदल्यात ती माझा प्रवासखर्च वेगळा दाखवून त्यावरचा कर वाचवणार होती. सही घेताना तिथल्या माणसाने 'करबचत' हा शब्द सात वेळा उच्चारला. मी मोजलं.

तारीख, गाव, वाहन, भाडं असे रकाने आखून मी दर फेरीची नोंद ठेवते. शहापूरहून मुरबाडला एसटी, पुढे टोकावड्याकडे जीप. जीपला तिकीट नसतं, म्हणून जीपवाल्याची सही. चार महिन्यांच्या याद्या पाठवल्या. उत्तर आलं, घरभाड्याच्या सवलतीसाठी भाडेकरार आणि घरमालकाचा पॅन क्रमांक जोडावा.

रकान्यावर 'भाडं' लिहिलं होतं. खाली सही करणारा जीपवाला तो त्यांच्या लेखी घरमालक. एवढ्या अकलेसाठी मी दरमहा कमिशन देत होते.

जीपवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "म्हंजे तुमी माझ्या जीपमदी र्‍हाता? मंग ताई, सकाळी झाडू तरी मारत जा." मागच्या बायका टोकावडं येईस्तोवर हसत होत्या.

कंपनीत फोन केला. तिथल्या मुलीला चूक कळली, पण दुरुस्त करायची नव्हती. प्रवास दाखवायचा तर छापील तिकीट हवं म्हणाली, घरभाडं सोपं.

"मॅडम, कुणाचाही पॅन टाका ना. मिस्टरांचा टाका. टॅक्स वाचतोय ना तुमचा?"

"घर माझ्या नावावर आहे. भाडं कुणाला देऊ, स्वतःला?"

तिने बहुधा समोरची पर्यायांची यादी तपासली. "तसा ऑप्शन नाहीये, मॅडम."

खरं भाडं चालत नाही आणि खोटं चालतं, याला ही मंडळी नियोजन म्हणतात. आयकराची नोटीस आली असती तर ती माझ्या दारात, त्यांच्या नव्हे. घरभाड्याच्या अर्जावर मी सही केली नाही. मग त्यांनी सगळा प्रवासखर्च पगारात धरला आणि कर कापून उरलेलं पाठवलं. मुरबाडच्या उन्हात मी खाल्लेली धूळ आता माझं उत्पन्न होती.

त्याच आठवड्यात संस्थेला कळवलं, थेट करार द्या, नाहीतर दुसरी बाई बघा. त्यांनी थेट करार दिला. कापलेला कर गेला तो गेलाच. कंपनीने मात्र निरोपाच्या मेलमध्ये विचारलं, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?