धावपट्टीवरचा बँड

राज्याच्या सुरक्षेशी निगडित एक अत्यंत गंभीर प्रकरण मी आज जनतेसमोर ठेवतो आहे. नाजूक प्रकृतीच्या वाचकांनी पाणी जवळ घेऊन बसावे. त्या सकाळची आठवण झाली की आजही माझा हात टोपी सरळ करायला वर जातो.

कापूस संकटाची वर्षं होती. यवतमाळला सतत कुणीतरी पाहणीला यायचं. कुणाला हार, कुणाला काळे झेंडे. बंदोबस्त करून आम्ही पिचलो होतो. अशात खबऱ्याचा फोन आला, "साहेब, धावपट्टीच्या गेटावर मानसं जमून राह्यली. हार हायेत, बँडबी हाय."

दौऱ्याचा कागद नाही, वायरलेसवर संदेश नाही. आणि त्या धावपट्टीवर प्रवासी विमान उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मग येतंय कोण? फौजफाटा घेऊन निघालो.

गेटापाशी जीपा, वाजंत्री आणि फेटा बांधलेले एक गृहस्थ.

"कोण येणार आहे?" मी दरडावलं.

"जावईबापू."

"कुणाचे?"

"आमचे."

हवालदार माझ्या कानाशी लागला. "साहेब, कोन्या मंत्र्याचा जावई असन. सांगून नाही राह्यले."

गृहस्थांच्या पत्नीजवळ स्टीलचा डबा होता. रीतसर तपासला. अनारसे! गोंधळ आणखी वाढला. शेवटी बाईच बोलल्या, "धोंड्याचा महिना हाय, साहेब. लग्नात वेशीवर घ्याले उशीर झाला, तवापासून बापू रुसले. पोरीले धाडलंच नाही. औंदा कबूल झाले, पन घ्याले कोनी नसन तं आल्या पावली वापस म्हनते."

"पण विमान इथं येतं, हे कुणी सांगितलं?"

"बापूनंच. सस्तं विमान हाय म्हने, नागपूरले जात नाही, तुमच्याजवळच्या लहान विमानतळावर उतरते."

त्यांचं गाव विचारलं. पुसदच्या बाजूचं, जिल्ह्याच्या टोकाचं निघालं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वस्त विमानं तेव्हा लहान शहरांतही उतरू लागली होती.

"अहो, ते नांदेड!"

गृहस्थ दुखावले. "नांदेड तं दुसऱ्या जिल्ह्यात हाय. आमचा पाहुना दुसऱ्याच्या जिल्ह्यात कायले उतरन?"

हा भूगोल तिथंच सोडून मी वायरलेस उचलला.

नांदेडला संदेश दिला. उत्तर आलं: एक जावई विमानतळावर ठाण मांडून बसला आहे, बायको रडते आहे आणि परतीच्या विमानाची चौकशी चालू आहे. मी त्याला फोनवर घेतलं आणि धडधडीत खोटं बोललो, "मी मुलीचा मामा. तुमच्यासाठी खास गाडी निघाली आहे." तिथला ठाणेदार माझ्या तुकडीतला दोस्त. त्यानं हार घातला आणि स्वतःची जीप दिली.

इकडून आम्ही वाजंत्रीसकट पैनगंगेच्या पुलावर पोचलो. तीच जिल्ह्याची वेस! जीप थांबली, बँड सुरू झाला. बाईंनी जावयाकडे पाहिलंही नाही. डबा हवालदाराच्या हाती कोंबला आणि लेकीला मिठी मारली.

जमाव दिसला की पोलिसाला दोनच गोष्टी सुचतात: स्वागत किंवा घेराव. माणसं आपल्या माणसाची नुसती वाट पाहत असतील, हे मी त्या पुलावर शिकलो.

सासऱ्यांनी भीतभीत विचारलं, "बापू, राग तं नाही ना आला?"

जावयानं हार सावरला, जीपवरचा दिवा एकदा डोळे भरून पाहिला आणि म्हणाला, "पुढच्या धोंड्यालाही हीच गाडी पाठवा!"