बटईनं दिलेला पब

भोकरदनच्या स्टँडवर अण्णांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि म्हणाले, "परक्या मुलखात कुणाच्या भानगडीत पडू नको." आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, तेही थेट परदेशात.

दुसऱ्या वर्षाला असताना इथे युद्ध सुरू झालं. शहराचं नाव लिहीत नाही, सध्या लिहू नये असं सांगतात. कॉलेज सुटल्यावर मी दिगंबरकाकांच्या पबमध्ये ग्लास धुतो. काका मूळचे कुंभार पिंपळगावचे, माझ्या जन्माआधीपासून इथे. अण्णांना पब समजावून सांगितला तर ते एवढंच म्हणाले, "म्हंजे परमिट रूम."

मग सरकारचा आदेश आला. परदेशी नागरिकांनी पब, क्लब चालवायचे नाहीत, हाताखाली काम केलं तर चालेल. तिथे सैनिक पितात, बोलतात, आणि कोण ऐकत असेल सांगता येत नाही. काकांचा पासपोर्ट अजून भारताचाच. त्यांनी गावाकडची रीत काढली. जुनी कामवाली मार्ता इथलीच, तिला पब बटईनं दिला, रान देतात तसा. चालवायचा तिने, येईल ते निम्मं निम्मं. लायसन तिच्या नावावर झालं. इथवर बराबर होतं.

पण बटईनं दिलं म्हणून मालक बांधावर जायचा थांबतो का? काका रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर उभे राहायचे. खुर्च्या वाकड्या दिसल्या की काचेतून मार्ताला खुणा करायचे. एकदा पोलिसाने ते पाहिलं. त्याच्या मते हेही चालवणंच. पुन्हा दिसलात तर हिचं लायसन जाईल आणि तुम्हाला देशाबाहेर काढू, असं तो शांतपणे सांगून गेला. माझी लेकरं या पबवर जगतात, असं मार्तानेही काकांना सुनावलं.

तेव्हापासून काका तिकडे फिरकत नाहीत. हॉस्टेलवर येऊन आमच्यासाठी भाकरी थापतात आणि मी कामावरून आलो की गिऱ्हाईक होतं का, ते विचारतात.

अण्णांनी फोनवर निरोप दिला, त्यांना म्हणावं गावाकडं चला, आपलं ते आपलं. मी तो सांगितला. काकांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"तिकडलं रान धाकट्या भावाला बटईनं दिल्तं. आता ते त्याला त्याचंच वाटून राह्यलं. मंग तिथंबी बांधावरच उभा राहीन की मी."

ताटल्या मांडताना मला घरची खाट आठवली. युद्धाआधी सुट्टीत घरी गेल्तो, तेव्हा माझ्या खाटेवर पुतण्या झोपत होता. मायनं पाणी देता देता विचारलं होतं, "किती दिवस हाईस?" तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं.