न पेटवलेली विडी

अंधेरीच्या त्या मेकॅनिकच्या ओठांत दिवसभर न पेटवलेली विडी असायची. गाडीजवळ काडी ओढायची नाही, हा त्याचा नेम. एकदा माझ्या जुन्या गाडीचा पेट्रोलचा पाइप गळायला लागला, आणि बायकापोरांना घेऊन मला घोडबंदरला निघायचं होतं.

"चीर गेलीय. नवा पाइप उद्या मिळेल," तो म्हणाला.

"साबण चोपडून दे रे! सगळे देतात."

"मग त्या सगळ्यांकडेच जा."

"गाडी माझी आहे!"

"पोरं पण तुमचीच ना?"

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा जाऊन स्टिअरिंगवर बसलो. त्याने टाकीची तोटी बंद केली, पाइप उखडून गॅरेजच्या छपरावर भिरकावला, हात धुतले, रस्ता ओलांडला आणि पलीकडून माझ्याकडे बघत निवांत विडी पेटवली.